थीफ: कानांनी खेळायचा गेम

नमस्कार मंडळी! जमलं तर हेडफोन लावूनच हा व्हिडिओ बघा. आजचा गेम आहे 1998 चा 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट', आणि तो निम्मा कानांनी खेळायचा असतो.

तो बनवला लुकिंग ग्लास स्टुडिओजनी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. आधी ठरलं होतं वेगळंच. आर्थर राजाची गोष्ट उलटी फिरवणारा, तलवारबाजीचा 'डार्क कॅमलॉट'. होता होता तलवार मागे पडली आणि उरला गॅरेट नावाचा चोर. समोरासमोर भिडलात तर दोन पहारेकरीही भारी पडतात, म्हणून अंधारात राहायचं. स्क्रीनच्या तळाशी एक रत्न असतं, ते जितकं उजळ तितके तुम्ही दिसताय. मशाल आड येत असेल तर पाण्याचा बाण मारून विझवायची.

पण मला खरं वेड लावलं ते आवाजाने. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, दगडावर वाजतं, लोखंडी जाळीवर तर खणखणतं. आणि हा आवाज भिंतीतून आरपार जात नाही. संगणकाला प्रत्येक खोली आणि तिला जोडणारी दारं माहीत असतात, त्यामुळे आवाज वळणं घेत, दारांतून वाट काढत पोचतो. तुमच्या कानांपर्यंत तसाच, आणि पहारेकऱ्याच्याही. दोघांना नियम एकच! म्हणूनच पकडले गेलो तरी 'फसवलं' असं वाटत नाही, चूक आपलीच असते. त्यात पहारेकरी स्वतःशीच पुटपुटतात, त्यावरून कळतं की त्याला नुसता संशय आलाय की तो आता शोधायलाच निघालाय.

हे सहज जमलं नाही. पहारेकऱ्यांचं एआय मधेच मोडीत काढून नव्याने लिहावं लागलं.

दुसरा भाग आला मार्च 2000 मध्ये, आणि मे महिन्यात स्टुडिओला टाळं लागलं. मला आजही याचं वाईट वाटतं. खेळाडूंनी मात्र गेम सोडला नाही. त्यांनी स्वतःच्या मोहिमा रचल्या, अजूनही रचतायत. 'द डार्क मॉड' हा त्याच प्रेमातून घडलेला आणि फुकट मिळणारा स्वतंत्र गेम.

आता तुम्ही एक करा. पहिली मोहीम उघडा, लॉर्ड बॅफर्डचा वाडा. बाहेर दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींबद्दल गप्पा मारतायत. लगेच पुढे पळू नका. सावलीत थांबा आणि ऐका.