पांढरी माती: आपली की बाहेरची?

नमस्कार मंडळी. शनिवारची संध्याकाळ, त्यात घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, तरी एवढे जण मातीबद्दल ऐकायला आलात, खरंच बरं वाटलं. विषय देशी आणि इम्पोर्टेड मातीचा आहे, पण आधी एक गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

माझ्या कळव्याच्या शेडमध्ये, जिथे मी कप-बशा बनवते, चिनी मातीची, म्हणजे भांड्यांच्या पांढऱ्या मातीची, दोन पोती आली, सप्लायर तोच, नाव तेच, मध्ये चार महिने गेलेले. पहिल्या पोत्याचे कप स्वच्छ पांढरे निघाले आणि दुसऱ्याचे १२५० डिग्रीला भाजून काढले तर सायीसारखे पिवळट, वर खसखशीएवढे काळे ठिपके, साठ कप हो, दिवाळीची ऑर्डर. फोन केला तर म्हणे ताई, देशी माती अशीच असते. या वाक्याचा मला फार राग आहे. खाणीतले थर नीट मिसळले का, माती धुतली किती, गाळली कुठल्या जाळीतून, ते आधी सांगा ना!

हे दोन तुकडे हातोहात पुढे द्या. काळपट राखाडी आहे ती बॉल क्ले, म्हणजे लवचिकपणासाठी मिसळतात ती चिकट माती, तिचा काळेपणा कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा, भट्टीत जळून जातो, तिचीच ही भाजलेली वडी बघा किती उजळ आहे. आणि खडूसारखा शुभ्र दिसतोय तो तुकडा भाजल्यावर पिवळा पडला, कारण त्यातलं लोह आणि टायटॅनियम कच्चेपणी डोळ्यांना दिसत नाही. रंग बघून माती घेऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, मग ठाण्यातच खणूया की! नाही मिळणार, आपल्या पायाखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा खडक, त्यात लोह भरपूर. चिनी माती होते ती मुख्यतः ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार नावाचं खनिज कुजून, म्हणून ती केरळात, झारखंडातल्या राजमहालच्या टेकड्यांत, गुजरातेत, आणि आपल्या सिंधुदुर्गातसुद्धा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं, बरं, पटापट सांगते. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची माती, जिच्यापासून पोर्सिलेन करायचं पेटंट विल्यम कुकवर्दीने १७६८ मध्ये घेतलं, तिच्यात टायटॅनियम फार कमी, शिवाय पोतं बदललं तरी फरक जवळजवळ नाही, पैसे त्याचे द्यायचे. पण नुसती ती चाकावर फारशी लवचिक नाही, बॉल क्ले घालावीच लागते. आपली चांगली धुतलेली माती रोजच्या कप-बशीला पुरते असं माझं ठाम मत आहे, अगदी शुभ्र हवं तिथेच बाहेरची वापरा. बोन चायनात तर निम्मी हाडांची राखच असते, तिथे उरलेल्या निम्म्यातली माती मात्र निवडून घ्या.

प्रत्येक नवीन पोत्याची वडी भाजा, ओली असताना तिच्यावर १० सेंटीमीटरची रेघ मारा आणि भाजल्यावर ती मोजा म्हणजे आकसणं कळेल. स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, १०० नंबरच्या जाळीतून गाळा आणि तिच्यात चुंबक फिरवा, मशीनचा लोखंडी कीस त्याला चिकटून येतो. माझ्या सगळ्या वड्या मागच्या टेबलावर आहेत, चहा घेताना उलट्या करून बघा, पोत्याची तारीख मागे लिहिलीये.