जवळचा भ्रष्टाचार, लांबची निवडणूक

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘भ्रष्टाचारविरोधी नवा पक्ष आणि लोकसभा निवडणूक’. आम आदमी पक्षाबद्दल बोलायचं म्हटलं की सभागृहाचे लगेच दोन भाग पडतात. एकीकडे ‘बघा, आम्ही तेव्हाच सांगत होतो’ म्हणणारे आणि दुसरीकडे ‘त्यांना कामच करू दिलं नाही’ म्हणणारे. दोघांनीही आज तासभर शेजारी-शेजारी बसावं, एवढी विनंती. केजरीवाल चांगले की वाईट, हे ठरवायला मी आलेलो नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. भ्रष्टाचाराची चीड या देशात खरी आहे आणि ती भरपूर आहे. पण ती चीड लोकसभेपर्यंत जाईल असा रस्ताच नाही. तो ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका असा खालून बांधत न्यावा लागतो. हे मी बरीच वर्षं सांगतोय आणि चारचौघांत सांगितलं की लोक चहा मागवतात. आज तुम्ही खुर्च्यांवर बसला आहात, तेव्हा ऐकून घ्या.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. आत्याचे यजमान वारले. तीन एकर जमीन, त्यातली एक खडकाळ. सातबारावर वारस नोंद करायची होती. तुमच्यापैकी अर्ध्यांनी हे केलेलं असणार, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. अर्ज द्यायचा, मृत्यूचा दाखला जोडायचा, वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. तलाठी गाव नमुना सहा-कला, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नोंद घेतो, मग फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. कायदा इतका सरळ आहे की शाळेत शिकवावा. वाद नव्हता, भाऊबंदकी नव्हती, हरकत घ्यायला कुणी नव्हतं.

पावसाळ्यात दिलेला अर्ज पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हलला नाही. कधी साहेब मोजणीला गेलेले, कधी बैठकीला, कधी दप्तर तालुक्याला. प्रत्यक्ष तलाठ्यानं पैसे कधीच मागितले नाहीत. त्याच्याकडे लिहायला बसणारा एक खाजगी माणूस होता, त्यानं एकदा आत्याला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मावशी, साहेबांचं काहीतरी बघावं लागंल.’ आणि आकडा तिच्याच पासबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून दाखवला. नंतर खोडरबरानं पुसला. ही सफाई मी विसरू शकत नाही. माणूस लाच मागताना खोडरबर जवळ ठेवतो, म्हणजे हे काम तो रोज करतो.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. महाराष्ट्रात आपला स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्ये आला, देशाचा २००५ मध्ये, आणि त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले होते, ही आठवण आपण ठेवली पाहिजे. अर्जाला उत्तर नाही, म्हणून पहिलं अपील केलं. अपिलाच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी फेरफार मंजूर झाला. इतके महिने अडलेलं काम एका दुपारी उरकलं! त्या माणसावर काही कारवाई? नाही. तो तिथेच बसत राहिला, दुसऱ्या कुणाच्या तरी पासबुकावर लिहीत राहिला. मला त्याचा राग आजही येतो आणि तो यावा असंच मला वाटतं. सही करायलासुद्धा हात थरथरणाऱ्या बाईला कुणी वर्षभर ताटकळत ठेवतो, तेव्हा प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

पुढे २०१४ ची लोकसभा आली. आम्ही काही मंडळी झाडूचा प्रचार करत होतो. मी आत्याच्या गावी गेलो. ओसरीवर पाच-सहा बायका बसलेल्या. मी कोळसा खाणींचा, राष्ट्रकुल स्पर्धांचा घोटाळा सांगितला, टू जी स्पेक्ट्रमचा सांगितला, त्यातल्या तोट्याचा महालेखापरीक्षकांचा एक लाख शहात्तर हजार कोटींचा आकडा सांगितला. आत्या शेंगा सोलत ऐकत होती. मग म्हणाली, ‘व्हय रं, पर तुजा मानूस दिल्लीला गेल्यावर आपला तलाठी बदलंल का?’

मी काहीतरी बोललो. पण तिचा प्रश्न बिनतोड होता. खासदार तलाठी बदलू शकत नाही. महसूल खातं राज्याचं, पोलीस राज्याचे, रेशन दुकानाचा परवाना राज्याचा, बांधकामाची परवानगी पालिकेची. माणसाला ज्या भ्रष्टाचाराचा चटका बसतो तो हा, जवळचा. आणि लोकसभेला पक्ष बोलतात तो लांबचा. लांबच्या भ्रष्टाचाराचं काय होतं? त्याचा लोकांना राग येतोच, पण तो राग ‘सरकार बदला’ इथं येऊन थांबतो. आणि सरकार बदलायचं ठरलं की मतदार नवं सरकार बनवू शकेल असा पक्ष शोधतो. २०११ मध्ये अण्णांच्या लोकपाल आंदोलनात दिल्लीच्या रामलीला मैदानावर जे पेरलं गेलं, त्याचं पीक २०१४ मध्ये भाजपनं काढलं. एकतीस टक्के मतं आणि २८२ जागा. त्यात आम आदमी पक्षावर कुणी अन्याय केला असं मला वाटत नाही. कोळसा खाणींचा राग ज्याला व्यक्त करायचा होता, त्यानं तो जिथं लागू पडेल तिथं नेऊन टाकला.

आपण मराठी माणसं अण्णांना आपले मानतो, म्हणून जाता जाता एक गोष्ट. ऑगस्ट २०११ मध्ये दिल्ली दुमदुमली. त्याच वर्षी डिसेंबरात अण्णा मुंबईत एमएमआरडीएच्या मैदानावर बसले, तेव्हा मैदान भरलं नाही आणि उपोषण लवकर आवरावं लागलं. तब्येतीचं कारण होतं, तेही खरं. पण ज्या राज्यात अण्णांनी नव्वदच्या दशकापासून मंत्र्यांविरुद्ध आघाड्या उघडल्या, त्याच राज्याच्या राजधानीत मैदान रिकामं राहतं, याचा विचार आम्ही तेव्हा पुरेसा केला नाही. महिनाभर टीव्हीवर दिसलेली माणसं म्हणजे संघटना नव्हे.

आता लोकसभा मतदारसंघ म्हणजे काय ते बघा. महाराष्ट्रात एका मतदारसंघात सतरा-अठरा लाख, कुठे वीस लाखांवर मतदार. मतदान केंद्रं जवळजवळ दोन हजार. प्रत्येक केंद्रात पक्षाचा एक मतदान प्रतिनिधी हवा. तो पहाटे अभिरूप मतदानाच्या वेळी हजर हवा, यंत्रातली नमुन्याची मतं पुसली गेली हे त्यानं बघायला हवं, दिवसभर यादीवर खुणा करायला हव्यात आणि संध्याकाळी यंत्राला मोहोर लागताना झालेल्या मतांच्या हिशेबाची, म्हणजे सतरा-सी नमुन्याची, प्रत खिशात घालून बाहेर यायला हवं. दोन हजार माणसं, वर बदली माणसं, शिवाय बाहेर चिठ्ठ्यांच्या टेबलावर बसायला वेगळी. १७ एप्रिल २०१४ ला पुण्यात हजारो लोकांची नावं यादीत सापडली नाहीत. लोक केंद्राबाहेर भांडत होते, रडकुंडीला आले होते. आमच्या टेबलावर दोन कॉलेजची मुलं होती, हुशार, तळमळीची. त्यांच्याकडे त्या भागाची छापील यादी नव्हती. शेजारच्या टेबलावर जुन्या पक्षाचा एक म्हातारा कार्यकर्ता होता. त्याच्याकडे यादी होतीच, आणि कोणत्या वाड्यातलं बिऱ्हाड कुठे राहायला गेलं हे त्याला तोंडपाठ होतं. आमच्याकडे येणाऱ्यांना आमचीच मुलं त्याच्याकडे पाठवत होती. त्या म्हाताऱ्याबद्दल मला आदर वाटला. तसा माणूस दहा-पंधरा वर्षांत तयार होतो, आणि तो तयार होतो नगरसेवकाच्या निवडणुकीत.

निकाल तुम्हाला माहीत आहे. देशभर ४३२ उमेदवार, चार विजयी, आणि चारशेहून जास्त ठिकाणी अनामत जप्त. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. ईशान्य मुंबईत मेधाताई पाटकर उभ्या होत्या. नर्मदेच्या खोऱ्यात आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आयुष्य घातलेली बाई. त्यांना शहात्तर हजारांवर मतं पडली, जिंकणाऱ्याला सव्वापाच लाख. अनामत गेली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि आजही त्या आकड्याकडे मला शांतपणे बघता येत नाही.

(संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे जे सांगायला आलो ते आता भराभर सांगावं लागणार.)

पहिली गोष्ट, २०१४ च्याच दोन आकड्यांची. दिल्लीत या पक्षाला जवळजवळ तेहेतीस टक्के मतं मिळाली आणि एकही जागा नाही. सातही ठिकाणी दुसरा क्रमांक. पंजाबात चोवीस टक्क्यांच्या आसपास मतं आणि तेरापैकी चार जागा. कमी मतांत जास्त जागा, कारण पंजाबात लढत तिरंगी होती आणि मतं पंजाबातल्याच माळवा नावाच्या पट्ट्यात एकवटली होती. आपल्या निवडणूक पद्धतीत पातळ पसरलेल्या चांगुलपणाला जागा नाही. नव्या पक्षानं लोकसभेला उतरायचंच असेल, तर जिथं आधीच दोन नंबरची ताकद आहे त्या दहा-वीस जागा लढवाव्यात. बाकी ठिकाणी उमेदवार देणं म्हणजे प्रामाणिक माणसांना कर्जात ढकलणं.

दुसरी गोष्ट, दिल्लीकरांचं वागणं. २०१५ च्या विधानसभेत सत्तरपैकी ६७ जागा, २०१९ च्या लोकसभेत शून्य, २०२० मध्ये परत ६२, २०२४ च्या लोकसभेत पुन्हा शून्य. तेच लोक, त्याच गल्ल्या. मतदार वेडा नाही. वीज, पाणी, शाळा, मोहल्ला दवाखाना यांसाठी एकाला मत आणि पंतप्रधानपदासाठी दुसऱ्याला. आत्याचा प्रश्न दिल्लीच्या मतदारानं मतदानयंत्रावर सोडवून दाखवला.

तिसरी, ‘मग १९८९ कसं झालं?’ हा प्रश्न नेहमी येतो. बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या ६४ कोटींच्या दलालीच्या आरोपावर राजीव गांधींचं सरकार गेलं, चारशेवर जागांची काँग्रेस १९७ वर आली. पण विश्वनाथ प्रताप सिंह एकटे जनमोर्चा घेऊन लढले असते तर काय झालं असतं? जनता दल हा जुन्या पक्षांची मोट बांधून झालेला पक्ष होता. भाजपशी जागांचं समायोजन होतं, बाहेरून डाव्यांचा आणि भाजपचा टेकू होता. मुद्दा नवा होता, पण राबणारी माणसं जुनीच होती. आणि ते सरकार वर्षभरही टिकलं नाही, हेही त्यातच आलं.

चौथी गोष्ट गोव्याची. ही माझी आवडती, पण आता दोन मिनिटांत. २०१७ मध्ये गोव्यात आम आदमी पक्षानं जवळजवळ सगळ्या जागा लढवल्या. सहा टक्के मतं, आमदार एकही नाही. गाशा गुंडाळतील असं सगळ्यांना वाटलं. ते थांबले. डिसेंबर २०२० मध्ये जिल्हा पंचायतीची बाणावलीची एक जागा जिंकली. एकच. २०२२ मध्ये विधानसभेला मतं जवळपास तेवढीच, सहा-सात टक्के, पण आमदार दोन: वेळ्ळी आणि बाणावली. जिथं जिल्हा पंचायत जिंकली तिथूनच आमदार आला. आपल्याकडे कोकणापासून विदर्भापर्यंत हा प्रयोग कुणी मन लावून केलेला नाही.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची, आणि हिलाच वेळ उरला नाही. भ्रष्टाचारविरोधावर उभ्या राहिलेल्या पक्षाला बाकी पक्षांपेक्षा कडक पहारा स्वतःवर ठेवावा लागतो. या पक्षानं तो सुरुवातीला ठेवला होता. देणगीदारांची नावं संकेतस्थळावर होती. पक्षांतर्गत लोकपाल होते, माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल रामदास, अलिबागजवळ राहणारे, धुतल्या तांदळासारखे गृहस्थ. मार्च २०१५ मध्ये, ६७ जागांचा गुलाल उतरायच्या आत, त्यांना बाजूला केलं. योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना काढलं तेही त्याच दिवसांत. ज्या लोकपालासाठी फेब्रुवारी २०१४ मध्ये एकोणपन्नास दिवसांचं सरकार सोडलं, तो घरातला लोकपाल त्यांना वर्षभरात नकोसा झाला. माझ्या मते या पक्षाची राष्ट्रीय वाट तिथं अडली, मद्य धोरणाच्या प्रकरणात नव्हे. त्या प्रकरणाचा निवाडा करणं न्यायालयाचं काम. पण केजरीवालांना २०२४ मध्ये अटक झाली, तेव्हा ‘आमचा हिशेब आमच्याच लोकपालानं तपासलाय’ असं सांगायला पक्षात कुणी उरलं नव्हतं. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीत ४३ टक्क्यांवर मतं मिळूनही जागा २२ वर आल्या. लाच खाणारा माणूस जुन्या पक्षातून निवडून आला तर लोक उसासा टाकतात. नव्या पक्षावर नुसता आरोप आला तरी लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं मला चुकीचं वाटत नाही.

पंजाबची सत्ता, ग्रामसभांचे अधिकार आणि पक्षनिधीचा कायदा, एवढं राहिलं. निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना निनावी देणगी द्यायची सोय, सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले. नव्या पक्षांच्या दृष्टीनं ती फार मोठी घटना होती आणि त्यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. प्रश्नोत्तरांत विचारलंत तर सांगेन. पण आधी मला तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या प्रभागातल्या मतदान केंद्राची यादी तुमच्यापैकी किती जणांनी उघडून पाहिली आहे? हात वर करा. मागच्या रांगेतल्यांनीसुद्धा.