रुपयावरचा रंग आणि रंगाखालचा रुपया

मंडळी, चांदीच्या नाण्यावर रंग चढतो तो गंधकामुळे. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी नगण्य असतो, पण चांदीला तेवढा पुरतो. शिवाय पुठ्ठा, जुने लिफाफे, रबर, लोकर यांतूनही गंधकाचे वायू सुटत राहतात. नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो जाड झाला की काळाच दिसतो. मग सोनेरी, जांभळा, निळा हे कुठून येतात? पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात ना, त्याच जातीचे हे रंग. थर इतका पातळ असतो की त्याच्या वरून आणि तळातून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो.

म्हणून या रंगांना क्रम असतो. आधी फिकट पिवळा, मग गडद सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा, आकाशी. थर वाढत गेला की पुन्हा पिवळ्यापासून दुसरी फेरी. हिरवा रंग सहसा या दुसऱ्या फेरीतच नीट दिसतो. त्यानंतर करडा आणि काळा.

आता नाणं हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा: निळा रंग पांढऱ्या चांदीपर्यंत पोचतो कसा? आपोआप चढलेल्या रंगात निळा आणि कोरी चांदी यांच्यामध्ये जांभळ्या-सोनेरी छटांची किनार हवी, कितीही अरुंद असो. गर्द निळा थेट पांढऱ्याला भिडला असेल, तर थर वाढू दिलेला नाही, काहीतरी लावलेलं किंवा तापवलेलं आहे. दुसरं, रंग अक्षरांशी कसा वागतो ते बघा. उठावाच्या अक्षराला लागून असलेली बारीक पट्टी सहसा उशिरा रंगते. ब्रिटिश राजाच्या रुपयावरच्या ‘एम्परर’ या शब्दाच्या अक्षरांभोवती उजळ कडा राहते. रसायनात बुडवलेल्या नाण्यावर ही कडा बहुधा नसते, उलट अक्षरांच्या खाचेत द्राव साचून तिथेच रंग दाट होतो.

बाजारात ‘रेनबो’ म्हणून विकायला येणारे रुपये गॅसवर धरलेले, गंधकाच्या द्रावात बुडवलेले, उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत कोंडलेले असू शकतात. यातला शेवटचा प्रकार पकडणं खरंच अवघड, कारण तिथेही सल्फाइडच तयार होतं, फक्त घाईने. ‘ॲसिटोनमध्ये टाकलं, रंग गेला नाही, म्हणजे अस्सल’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ॲसिटोनने शाई, लाख, वार्निश निघेल. सल्फाइड निघत नाही, मग तो पन्नास वर्षांत आलेला असो की एका रात्रीत.

म्हणून माझं म्हणणं असं की रंगावर वाद घालण्याआधी रंगाखालची चांदी वाचा. हा १९१८चा पाचव्या जॉर्जचा रुपया बघा. मुंबई टांकसाळीचा, खाली बारीक ठिपका आहे. बघताक्षणी मोहात पाडेल असा निळा-जांभळा. आता एकच दिवा ठेवा आणि नाणं हळूहळू कलतं करा. न वापरलेल्या नाण्यावर, पातळ रंगाखालूनही, प्रकाशाचा पट्टा मध्याभोवती फिरतो, कारण ठसा बसताना धातू वाहिल्याच्या सूक्ष्म रेषा तिथे असतात. इथे पट्टा फिरतच नाही. भिंगातून राजाच्या गालाकडे बघा: केसासारखे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेला, आणि प्रत्येक ओरखड्याच्या तळाशी तोच निळा. म्हणजे आधी घासलं, मग रंग आला. एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही. घासलेलं नाणंही कपाटात पडून आपसूक रंगतं. पण हे नाणं घासलेलं आहे, एवढं मात्र पक्कं, आणि किंमत त्याचीच द्यायची. रंगाचे जादा पैसे द्यायचे नाहीत.

आपल्याकडे घासणं हा तर घरोघरचा शिरस्ता. धनत्रयोदशीला रुपया निघतो, पंचामृत होतं, हळदकुंकू लागतं, आणि मग चिंच, राख, रांगोळी, अलीकडे टूथपेस्ट. दरवर्षी पृष्ठभागाचा एकेक पापुद्रा जातो. शिवाय हे रुपये चलनात हातोहात फिरले, मडक्यात पुरले गेले. त्यामुळे खाचांत काळपट आणि उंचवट्यावर करडा, असा रुपया मला इंद्रधनुष्यापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो.

इंद्रधनुष्याचं वेड मुख्यतः अमेरिकेतलं. तिथले चांदीचे मॉर्गन डॉलर कापडी पिशव्यांत दशकानुदशकं पडून राहिले, पिशवीला टेकलेल्या नाण्यांवर कापडाच्या विणीसह रंग उमटले. आणि गंमत बघा, १९१८च्या पिटमन कायद्याने तिथले सुमारे २६ कोटी डॉलर मोडून ती चांदी ब्रिटिशांना हिंदुस्थानातल्या रुपयांसाठी विकली गेली. आपल्या हातातल्या त्या काळच्या रुपयात एखादा मॉर्गन वितळलेला असू शकतो.

एक चिठ्ठी आली आहे: ‘सुरतेच्या मुघल रुपयावर टोचे आहेत, तो खराब धरायचा का?’ नाही. सराफाने चांदी पारखताना मारलेली ती खूण आहे. तिच्यामुळे भाव कमी होतो हे खरं, पण ते व्यवहाराचं चिन्ह आहे, इजा नव्हे. हे टोकाला नेऊन बघायचं तर नाशिकजवळचं जोगलटेंभी आठवा. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा चेहरा बिघडला म्हणून कोणी ती नाणी खराब म्हणेल का?

खरी इजा वेगळी. चिकट हिरवट थर दिसला तर तो बहुधा पीव्हीसीच्या, म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटाचा. त्यातून आम्ल सुटतं आणि धातू खातं. इथे मात्र ॲसिटोन उपयोगी, शुद्ध हवा, नेलपॉलिश रिमूव्हर नको. घासायचं नाही, बुडवायचं, काढायचं, पाकीट बदलायचं. खाली खड्डे पडले असतील तर ते भरून येणार नाहीत.

आणि गळ्यातल्या माळेसाठी कडी झाळलेले रुपये. कडी काढून, कानस मारून, वर काळा रंग देऊन ते विकले जातात. रंग गडद का केला, याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. मुकुटाच्या वरची कड भिंगाखाली फिरवा. काठावरच्या उभ्या रेघा तिथे पुसट होतात, झाळकामाची चांदी जरा वेगळ्या रंगाची असते. शिवाय वजन करा: पूर्ण रुपया ११.६६ ग्रॅमचा. झिजलेला थोडा कमी भरेल. पण झिजलेला दिसत असूनही वजन जास्त भरलं, तर झाळ आत आहे असं समजा आणि काठ पुन्हा एकदा तपासा.