कंबरदुखीची मोजदाद

श्रोतेहो, नमस्कार. पुणे-सोलापूर रस्त्यावर उजनी जलाशयाच्या काठी भिगवण नावाचे गाव आहे. पक्षीप्रेमींना ते रोहित पक्ष्यांमुळे ठाऊक असते. हाडे, सांधे आणि पाठीच्या दुखण्यांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र ते १९९६ साली सुरू झालेल्या एका पाहणीमुळे ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाखाली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी भिगवणला गेले. गावातल्याच स्वयंसेवकांची मदत घेऊन घरोघर चौकशी झाली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा अठरा जणांना, या प्रकारचे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले.

दवाखान्यातल्या नोंदवहीवरून हेच काम घरबसल्या झाले नसते का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. झाले नसते, कारण नोंदवहीत फक्त दवाखान्यापर्यंत पोहोचलेला माणूस असतो. खुरपणीला दिवसभर वाकणारी बाई रोज बुडवून कंबर दाखवायला येत नाही. ‘साथरोगशास्त्र’ हे नाव साथींवरून पडले असले, तरी न पसरणाऱ्या दुखण्यांचा हिशेबही हेच शास्त्र ठेवते, आणि तो हिशेब उंबरठ्यापाशीच सुरू होतो.

तिथे पहिली अडचण भाषेची येते. कुणाच्या कंबरेत उसण भरते, कुणाची कंबर धरते, कुणाला चमक निघते. शिवाय आपल्याकडे पाठ वेगळी आणि कंबर वेगळी. म्हणून विचारणाऱ्याच्या हातातल्या कागदावर माणसाची आकृती छापलेली असते आणि ‘गेल्या सात दिवसांत कुठे दुखले, तिथे खूण करा’ असे सांगितले जाते. जागतिक पातळीवरच्या मोजणीतही व्याख्या अशीच काटेकोर आहे: शेवटच्या बरगडीच्या खालच्या कडेपासून नितंबांच्या खालच्या घडीपर्यंत, मागच्या बाजूला, निदान एक दिवस टिकलेले दुखणे. या व्याख्येनुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, त्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक होत्या, आणि माणसाला अपंगत्वात वर्षे काढायला लावणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो.

नोंदवही किती फसवते, हे इंग्लंडमधल्या दक्षिण मँचेस्टरच्या एका अभ्यासाने १९९८ साली दाखवून दिले, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. कंबरदुखीसाठी डॉक्टरांकडे आलेल्यांपैकी बहुतेकांचे येणे तीन महिन्यांच्या आत थांबले होते. पूर्वीच्या समजुतीप्रमाणे ते बरे झाले, असेच धरले गेले असते. परंतु वर्षभराने त्यांना गाठून विचारले, तेव्हा पूर्ण बरे झालेले जेमतेम चौथा हिस्सा निघाले. बाकीच्यांनी दुखण्यासह जगण्याची सवय करून घेतली होती.

यंत्रावरही सगळा भार टाकता येत नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यांमधली एखादी तरी चकती फुगलेली दिसली. फिल्मवर दिसते ते दुखतेच असे नाही, म्हणून शेवटी माणसालाच विचारावे लागते.

आणि विचारल्यावर आपण, विशेषतः आपल्या आया-बहिणी, काय सांगतो? ‘काही नाही हो, कामाने दुखतेच.’ हे उत्तर कागदावर निरोगी म्हणून चढते. म्हणून माझी एवढीच विनंती आहे: तुमच्या दारात कुणी अशी आकृती घेऊन आले, तर घरातल्या मोठ्या बाईंना चुलीपुढून दोन मिनिटे बाहेर बोलवा, आणि जिथे दुखते तिथे खूण त्यांना स्वतःच्या हाताने करू द्या. नमस्कार.