दुसरं टोक

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'संतांचे व्यवसाय आणि आपली नोकरी'. विषय मीच दिलेला, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पंचेचाळीस मिनिटं मिळाली होती, त्यातली बारा माझी ओळख करून देण्यात गेली. ओळखीत 'ज्येष्ठ विचारवंत' असा शब्द आला. आमच्या घरी कळलं तर हसून हसून पुरेवाट होईल. मी बारनिशीतला माणूस. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक घालायचा, गेलेल्या कागदाची जावक करायची. सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं हेच केलं. त्या टेबलावर विचाराला जागाच नव्हती, सगळीकडे टपाल.

तर प्रश्न असा, की रोजच्या रटाळ कामात, घरातल्या त्याच त्या रगाड्यात श्रद्धा आणि कृतज्ञता सापडते का? माझं म्हणणं, सापडते. आणि आपल्या संतांनी ती कुठे ठेवलीय तेही सांगणार आहे. पण त्याआधी एक किस्सा. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

भाषणं ऐकायची आपली हौस जुनी. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, म्हणजे दीडशे वर्षं आपण खुर्चीत बसून शहाणे होतोय. या सगळ्या शहाणपणाच्या शेवटी एक गोष्ट असते, ती म्हणजे आभारप्रदर्शन. 'आता आभार' म्हटलं की पहिल्या रांगेतल्यांची चुळबुळ सुरू होते, मधल्या रांगेतले चष्मे खिशात घालतात आणि शेवटच्या रांगेतले चपला शोधायला बाहेर. वक्ता बोलताना झोपलेला माणूसही आभाराला बरोबर जागा होतो आणि निघतो. मराठी माणसाला कृतज्ञतेची एवढी ॲलर्जी का, यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा. विषय फुकट देतो.

हे मी एवढ्या तळमळीने सांगतोय, कारण आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत १९ वर्षं आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. कुणी दिलं नव्हतं, पहिल्या वर्षी ज्यांनी मानायचे ते आजारी पडले आणि ते गळ्यात पडलं ते पडलंच. मी मात्र मन लावून करायचो. खिशात यादी. अध्यक्ष, देणगीदार, वक्ते, पत्रकार, मांडववाले, ध्वनिक्षेपकवाले, झालंच तर शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक, कारण बाकं त्यांची. नावं चुकली की रुसवे. एकदा एका देणगीदाराच्या वडिलांचं नाव गाळलं, तर त्यांनी पुढच्या वर्षी देणगी गाळली.

सभागृहात सतरंज्या घालायला, खुर्च्या मांडायला एक काका होते. वाचनालयाचे शिपाई. यादीत त्यांचं नाव कायम शेवटचं. एका वर्षी यादीचं पान उलटायचं राहिलं आणि काकांचं नाव पाठीमागच्या बाजूलाच राहिलं. रात्री जेवताना लक्षात आलं. घास गिळवेना. तसाच उठून सभागृहात गेलो. काका एकटेच होते. ती मोठी, निळ्या-लाल पट्ट्यांची सतरंजी एकट्याने गुंडाळायचा प्रयत्न चालला होता. एका टोकाला पाय द्यायचा, दुसरं ओढायचं, तोवर पहिलं निसटायचं. मी म्हणालो, ''काका, फार चूक झाली. आज तुमचं नाव घ्यायचं राहिलं.''

काकांनी वरही पाहिलं नाही. म्हणाले, ''साहेब, तेवढं दुसरं टोक धरा.''

धरलं. सतरंजीची घडी तुम्ही कधी घातलीय का? दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, ताणायची, झटकायची. धूळ नाकात जाते. मग कोपऱ्याला कोपरा लावत एकमेकांकडे चालत यायचं, आपलं टोक समोरच्याच्या हातात द्यायचं, खाली वाकून घडीची कड उचलायची, पुन्हा मागे जायचं. चार वेळा आम्ही असे जवळ आलो आणि लांब गेलो. शेवटच्या घडीला काका म्हणाले, ''आणि नावाचं म्हणाल, तर तुम्ही दरवर्षी घेता म्हणून लोक सांगतात. मला कुठं ऐकू येतं? तवा मी मागं खुर्च्या रचत असतो.''

१८ वर्षं! दरवर्षी मी त्या माणसाचे आभार मानले आणि ते आभार त्याच्यापर्यंत एकदाही पोचले नाहीत. बारनिशीच्या भाषेत सांगायचं, तर जावक झाली, पोच नाही.

(टाळ्या नकोत, वेळ जातो.)

माझा आजचा सगळा मुद्दा त्या सतरंजीत गुंडाळलेला आहे. आभार शेवटी मानायची गोष्टच नाही. काम चालू असताना, मधेच, समोरचं टोक धरून ते मानले गेले तर पोचतात. एरवी यादी.

त्या रात्री फार भारावून घरी गेलो. सकाळी बायकोने चहा दिला, तर म्हटलं, आपण सुरुवात घरापासून करू. म्हणालो, ''धन्यवाद.'' तिने चहाचं भांडं खाली ठेवलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, ''अहो, बरं आहे ना? का कुणाला उसने पैसे दिलेत?'' आपल्या घरांत हा शब्द चालत नाही. परक्यासाठी तो ठीक. घरच्याला म्हटला तर हिशेब मिटवल्यासारखा वाटतो. आमचे वडील जेवण झालं की 'अन्नदाता सुखी भव' म्हणायचे. आई समोर वाढत उभी असायची. तो अन्नदाता कोण, हे दोघांनीही कधी स्पष्ट केलं नाही.

मग दोन दिवसांनी पाहिलं. बायको वाळलेल्या चादरीची घडी घालत होती. एकटीनेच. चादर मधोमध हनुवटीखाली दाबून धरायची, दोन्ही हात लांब पसरून कडा जुळवायच्या, मग हनुवटी सोडायची. इतकी वर्षं ही बाई चादरी हनुवटीने धरत होती आणि मी पलीकडे पेपर वाचत, 'संसार दोघांचा असतो' या विषयावरचे लेख चवीने वाचत होतो. उठलो, दुसरं टोक धरलं. धन्यवाद वगैरे काही म्हणालो नाही. तीही म्हणाली नाही. ''कडा जुळवा नीट,'' एवढंच म्हणाली. अजूनही रोज म्हणते, कारण माझ्या कडा अजूनही जुळत नाहीत.

ऑफिसचंही एक सांगतो आणि मग संतांकडे येतो. नक्की येतो. एक म्हाताऱ्या आजी यायच्या, नवऱ्याच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज दिलेला. ''माझा कागद पोचला का?'' मी नोंदवही उघडली, क्रमांक शोधला, बोट ठेवून दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्या बोटाजवळ आपलं बोट टेकवलं, त्या निळ्या शाईतल्या आकड्यावरून फिरवलं आणि ते बोट कपाळाला लावलं. अंगारा लावतात ना, तसं. मला घाम फुटला. तो आकडा मी किती बेफिकिरीने लिहिला असेल! आणि खरं सांगायचं, तर कागद पोचला होता, पण पुढे सरकला नव्हता. ते मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र उठून वरच्या मजल्यावर गेलो आणि ज्या टेबलावर तो कागद झोपला होता तिथे उभा राहिलो. पुण्य केलं असं नाही म्हणत. बत्तीस वर्षांत असा किती वेळा उठलो, ते विचारू नका.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे' असं लिहिलंय, खाली दोन रेघा. बरं.

आता संत, पळत पळत.

जनाबाई. नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, झाडलोट. 'झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी.' आपण टाळ वाजवत पुढे जातो, पण जरा थांबून चित्र पाहा. जनी झाडतेय, आणि ज्याच्या हातात सुदर्शन चक्र तो वाकून केर भरतोय. पुढे म्हणते, पाटी डोक्यावर घेऊन लांब नेऊन टाकतोय. ती इथे त्याचे आभार मानत नाही. त्याला कामाला लावते. तो दुसरं टोक धरतो, म्हणून तो देव. श्रद्धेची याहून सोपी व्याख्या मला माहीत नाही, आणि ती एका मोलकरणीने केलीय.

सावता महाराज, अरणचे. 'कांदा मुळा भाजी । अवघी विठाई माझी' सगळ्यांना पाठ. पण त्याच अभंगात पुढे आहे, 'मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी.' हे कुणी म्हणत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. कांद्यात देव पाहणं सोपं, कांदा म्हणजे आलेलं पीक. मोट आणि नाडा म्हणजे कष्ट. नाड्याने हाताला घट्टे पडतात. तिथे पंढरी आहे म्हणणारा माणूस वेगळा. सावता महाराज मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, देवच अरणला आला, असं परंपरा सांगते.

हेच पोळ्यात. पोळा बहुतेक ठिकाणी श्रावण अमावास्येला येतो. तेव्हा शेतात काय असतं? उभं पीक. हातात दाणा आलेला नाही, येईल याची खात्री नाही. म्हणजे बैलाचे आभार पीक विकल्यावर नाही, हंगामाच्या मधेच. आणि आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. हळद आणि तूप किंवा लोणी चोळायचं ते शिंगांना नाही, खांद्याला, जिथे जू घासतं तिथे. मग कानाशी 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या'. आमच्या साहेबांनी माझ्या निरोप समारंभात शाल नेमकी खांद्यावर घातली तेव्हा मला हे आठवलं. फक्त बत्तीस वर्षं उशीर झाला होता.

सेना महाराज: 'आम्ही वारीक वारीक । करू हजामत बारीक.' आरसा विवेकाचा, चिमटा वैराग्याचा. धंद्याची हत्यारं त्यांनी लपवली नाहीत. नरहरी सोनार, गोरोबाकाका यांच्यावर पाच-पाच मिनिटं होती, ती गेली.

पण चोखोबांना वगळून जाणार नाही. कारण या विषयावर बोलणारे गोड बोलतात आणि इथे येऊन घसरतात. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, त्याखाली चोखोबा गेले. साल १३३८. आयुष्यभर राबले, विठ्ठल विठ्ठल म्हणत राबले, आणि देवळात पाऊल टाकता आलं नाही. समाधीसुद्धा महाद्वाराबाहेर. त्या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. मधे सहाशे वर्षं! तेव्हा कामात देव आहे हे ज्याने त्याने स्वतःला सांगावं. राबणाऱ्याला दुसऱ्याने सांगायला लागलं, की समजा पगार थकलाय. हल्ली ऑफिसांत कृतज्ञतेवर सत्रं घेतात, रोज तीन गोष्टी वहीत लिहा म्हणतात. लिहा, पण ते सत्र घेणाऱ्याने केर कुणी भरला ते आधी पाहावं.

आणि शेवटी आवली. म्हणजे जिजाई, तुकोबांची बायको. हिला आपण कजाग म्हणून रंगवलं. कथा काय सांगते? ती रोज भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढते. चढताना त्या काळ्या विठोबाला शिव्या घालते, आणि एकदा पायात काटा मोडतो तो विठोबाच काढतो. तुकोबांना नाही, हिला भेटला! श्रद्धा हिच्यात नव्हती म्हणता? शिव्या चालू होत्या, भाकरी चुकली नाही. माझा पाऊण तास खरं तर हिच्यासाठी ठेवला होता, तो मी सतरंजीवर घालवला.

अध्यक्ष आता चिठ्ठी न पाठवता नुसतं घड्याळ दाखवतायत. थांबतो. आभाराला जे उभे राहणार आहेत त्यांच्या हातातली यादी मी मघाशी पाहिली, दोन्ही बाजूंनी लिहिलीय. ती चालू असताना उठायला माझी हरकत नाही. फक्त उठाल तेव्हा आपापली खुर्ची घेऊन उठा, मागच्या भिंतीपाशी दहा-दहाच्या थप्प्या लावायच्या आहेत.