वादळातली स्तोत्रं

मंडळी, बायबलातलं 23 वं स्तोत्र, ते मेंढपाळाचं, आपल्या सगळ्यांना पाठ आहे, म्हणून आज मुद्दाम 107 वं घेतोय, त्यात होडी आहे आणि इथे वसईच्या पाचूबंदरात बसून होडी सोडून बोलायचं म्हणजे कसं होणार. इस्राएल लोक मुळात शेती करणारे, मेंढरं राखणारे, दर्या त्यांच्या घरचा नाही, तरी 23 ते 30 या ओव्यांमध्ये कोणीतरी वादळ आतून पाहून लिहिलंय असं वाटतं. लाट आभाळाला भिडते, मग होडी पार खाली पाताळात जाते, माणसं दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खातात आणि मग एक ओळ येते, मूळ हिब्रूत तिचा अर्थ असा की त्यांचं सगळं शहाणपण गिळलं गेलं. वारा कधी फिरणार, कुठल्या पाण्यात काय लागणार हे ज्याला तोंडपाठ, त्या होडी चालवणाऱ्या तांडेलाचंच डोकं चालेनासं होतं. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा जे दर्यात होते त्यांना ही ओळ मी काय समजावून सांगणार?

मग स्तोत्रातले ते खलाशी देवाला हाक मारतात आणि तो वादळ शांत करतो. ह्या एकाच स्तोत्रात वाट चुकलेले, कैदी, आजारी आणि शेवटी खलाशी, चौघांच्या तोंडी ही हाक येते, चारही वेळा सुटका होते.

हे वाचलं की आपल्याला लगेच मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आठवतो, येशू होडीच्या मागच्या बाजूला उशीवर झोपलाय, शिष्य घाबरून त्याला उठवतात, तो वाऱ्याला दटावतो, आणि ते एकमेकांना विचारतात की हा आहे तरी कोण. स्तोत्रं गाणाऱ्या माणसांनाच हा प्रश्न इतका जड जाणार, कारण वादळ थांबवणारा एकटा देव हे ते गात आलेले. हे जोडणं बरोबरच आहे, पण आपण तिथे फार घाईने पोचतो ते मला खटकतं.

सगळ्या होड्या परत येत नाहीत ना. अशाच एका घरी प्रार्थनेला गेलो होतो, तिथे 107 वाचायला माझी जीभच वळेना, मग मी 88 वं काढलं. त्यात माणूस रात्रंदिवस हाक मारतो आणि उत्तर येतच नाही, हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच काळोख आहे. त्या घरची आई म्हणाली, "फादर, असं पण बायबलात लिवलंय?" म्हटलं, हो बाय, तुझ्या आधी कोणीतरी असंच ओरडून ठेवलंय.

स्तोत्राचा ख्रिस्ती अर्थ लावायचा म्हणजे ओळीओळीवर येशूचं नाव चिकटवायचं असं मला वाटत नाही. तो स्वतः ह्या ओरडण्यात शिरला. वधस्तंभावर त्याने 22 वं स्तोत्र धरलं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि मार्कने ते शब्द त्याच्या तोंडचे तसेच ठेवलेत, एलोई, एलोई, लमा सबख्थनी. ही अरामी आहे. स्तोत्र हिब्रूतलं, पण जीव जाताना येशूच्या तोंडात घरची बोली आली! पुढे त्याच स्तोत्रात स्तुती आहे, देवाने तोंड लपवलं नाही, ऐकलं, असं 24 व्या ओवीत येतं, ते खरंच आहे, पण येशू पहिली ओळ गाळून तिथे गेला नाही.

तर 22 वं उघडा. पहिली ओळ मी म्हणतो, पुढची तुम्ही, आणि पुस्तकातल्यासारखं नको, घरी बोलता तसं.