बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं

बंधूभगिनींनो, आजचा विषय मी स्वतः मागून घेतला. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच जिचं बाळ गेलं, अशी आई आपल्या मुंबईतल्या बहुतेक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या भाविक समाजात) असते. ती याबद्दल बोलत नाही. बोललीच तर फादरांशी नाही, सासूशी किंवा शेजारणीशी: ‘माझं बाळ कुठे असेल हो?’ मग तिच्या पदरात पडतं ते दोन पिढ्यांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकलेलं उत्तर: ‘लिंबोमध्ये. देवाचं दर्शन नाही, पण त्रासही नाही.’ त्या उत्तराने आयुष्यभर आतून कुरतडल्या गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून आधीच सांगतो, लिंबो हा कॅथलिक श्रद्धेचा बंधनकारक सिद्धांत कधीच नव्हता. आज आपलं चर्च त्या आईला उघडपणे आशा धरायला सांगतं.

मग लिंबो आलं कुठून? पाण्याने व आत्म्याने जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं प्रभू निकदेमाला सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानातला तो तिसरा अध्याय आपल्याला पाठ आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियसच्या अनुयायांशी, म्हणजे माणूस जन्मतः पापी नसतो असं मानणाऱ्यांशी, वाद पेटला, तेव्हा संत ऑगस्टीन यांनी या वचनाचा आधार घेतला. मूळ पाप प्रत्येकाला जन्मतःच लागलेलं आहे, बाप्तिस्म्याखेरीज ते धुतलं जात नाही, तेव्हा बाप्तिस्म्याविना मेलेलं बाळही तारणाबाहेर राहतं, अशी त्यांची मांडणी. त्याला होणारी शिक्षा सगळ्यांत सौम्य असेल, असं ते म्हणाले, पण शिक्षा आहेच. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनेही त्याच दिशेने कौल दिला. पूर्वेकडच्या चर्चचा सूर मात्र पहिल्यापासून वेगळा होता. नाझियान्झसचे संत ग्रेगरी चौथ्या शतकातच म्हणाले होते की अशा बाळांना गौरव मिळणार नाही आणि शिक्षाही होणार नाही, कारण त्यांनी काही वाईट केलेलंच नाही.

पश्चिमेत ऑगस्टीन यांचा शब्द मोडणं सोपं नव्हतं. तरी बाराव्या शतकात आबेलार्ड या धर्मपंडितांनी वाट काढली: या बाळांना आग नाही, देवाचं दर्शन न होणं एवढीच त्यांची शिक्षा. १२०१ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी आपल्या एका पत्रात हाच भेद केला. संत थॉमस अक्वायनस आणखी पुढे गेले. आपण काय गमावलं हे त्या बाळांना ठाऊकच नसतं, त्यामुळे दुःखही नसतं, ती आपल्या परीने सुखातच असतात, असं त्यांनी मांडलं. लिंबोला आज नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ती कल्पना क्रूरपणातून आली नाही. तर्काने जिथे आग दिसत होती, तिथून त्या बाळांना बाहेर काढण्याची ती धडपड होती.

पण आईला अर्धं सुख पुरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये ओबरब्युरेन नावाचं एक तीर्थस्थान होतं. पंधराव्या शतकात मृत जन्मलेली बाळं घेऊन लोक दुरून तिथे यायचे. मेणबत्त्या आणि निखारे यांच्यामध्ये त्या थंडगार देहाला ऊब द्यायची आणि ओठांवर पीस ठेवायचं. पीस जरासं हललं, गालावर किंचित लाली दिसली, की ‘श्वास आला’ म्हणून क्षणात बाप्तिस्मा द्यायचा आणि पवित्र भूमीत पुरायचं. धर्मसुधारणेच्या काळात ते स्थान पाडलं गेलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे उत्खनन झालं, तेव्हा सुमारे २५० अर्भकांचे अवशेष मिळाले. फ्रान्समध्येही अशी ठिकाणं बरीच होती. आयर्लंडमध्ये तर बाप्तिस्मा न झालेली बाळं दफनभूमीबाहेर, कुंपणाशी नाहीतर माळावर, रात्रीच्या अंधारात बाप एकटा पुरून यायचा. धर्मपंडितांचे ग्रंथ त्या माणसांनी वाचले नव्हते. आपलं बाळ देवापासून दूर असावं हे त्यांना मान्य नव्हतं, एवढंच. माझ्या मते त्यांच्या त्या हट्टातच खरी श्रद्धा होती.

१७९४ मध्ये पोप सहावे पायस यांनी लिंबोला ‘पेलागियनांची दंतकथा’ म्हणणाऱ्यांना फटकारलं, पण तेव्हाही ते मानलंच पाहिजे असं म्हटलं नाही. ते एक अनुमत मत राहिलं.

आता एक गोष्ट बघा. दर वर्षी २८ डिसेंबरला आपण निष्पाप बालकांचा सण पाळतो. हेरोदाने बेथलेहेमात मारलेली, दोन वर्षांची आणि त्याखालची ती मुलं. कुणी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं होतं? तरीही चर्च दीड हजार वर्षांहून अधिक काळ त्यांना संत आणि हुतात्मे मानत आलं आहे. ख्रिस्तासाठी सांडलेलं रक्त हाच त्यांचा बाप्तिस्मा, असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांनी तरी समजून उमजून काय केलं होतं? जे झालं ते देवाच्या बाजूने झालं.

गेल्या साठ वर्षांत चर्चची उपासना हेच बोलू लागली. १९७० च्या मिस्साग्रंथात (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) बाप्तिस्म्याआधी वारलेल्या बाळासाठी वेगळी अंत्यविधीची मिस्सा आली. १९९२ च्या ‘कॅथलिक चर्चची धर्मशिकवण’ या ग्रंथातला १२६१ वा परिच्छेद लिंबोचं नावही घेत नाही. चर्च या बाळांना देवाच्या दयेवर सोपवतं, असं तो सांगतो, आणि ‘बालकांना माझ्याकडे येऊ द्या’ या प्रभूच्या शब्दांची आठवण करून देतो. पुढे आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास केला आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ही बाळं तारली जातील अशी आशा धरायला भक्कम आधार आहे, असा त्याचा निष्कर्ष. आयोगाने खात्री दिलेली नाही, आणि बाप्तिस्म्याचं महत्त्वही कमी केलेलं नाही. आशा म्हटली आहे, आणि ख्रिस्ती माणसाच्या लेखी आशा हा हलका शब्द नाही.

आपल्या शेजारची प्रोटेस्टंट कुटुंबं काय मानतात, हेही थोडक्यात सांगतो. मार्टिन ल्यूथर यांनी १५४२ मध्ये अशा आयांसाठी सांत्वनाचं एक छोटं लेखन केलं. आईचे उसासे आणि तिची तळमळ हीच देवापर्यंत पोचणारी प्रार्थना, असं त्यांनी त्यात म्हटलं. बॅप्टिस्ट मंडळी तर बाळांना बाप्तिस्मा देतच नाहीत. त्यांना आधार वाटतो तो जुन्या करारातल्या दावीद राजाच्या गोष्टीचा: त्याचं बाळ सातव्या दिवशी गेलं, म्हणजे यहुदी रीतीप्रमाणे आठव्या दिवशी व्हायच्या सुंतेआधी. तेव्हा दावीद उठला, अंघोळ केली, देवाच्या मंदिरात गेला आणि मग जेवला. ‘मी त्याच्याकडे जाईन’, असं तो म्हणाला. माझ्या ओळखीच्या एका प्रोटेस्टंट काकूंनी हे वचन आपल्या बाळासाठी बायबलमध्ये अधोरेखित करून ठेवलं आहे.

आता कामाचं बोलतो. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल आणि डॉक्टरांनी आशा सोडली असेल, तर फादर येईपर्यंत थांबू नका. कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं: बाप, आजी, ड्यूटीवरची हिंदू किंवा मुसलमान नर्ससुद्धा. चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू हवा, आणि साधं पाणी. काचपेटीतल्या बाळाला सुई काढलेल्या सिरिंजने कपाळावर तीनदा थोडं थोडं पाणी सोडलं तरी चालतं. ते त्वचेवरून वाहिलं पाहिजे. सोबत म्हणायचं: ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ नंतर पॅरिशच्या ऑफिसात कळवून नोंद करून घ्या.

आणि बाळ आधीच गेलं असेल, तर बाप्तिस्मा देता येत नाही, कारण संस्कार जिवंत माणसासाठी असतात. पण तिथे सगळं संपत नाही. आईवडिलांची बाप्तिस्मा द्यायची इच्छा होती, एवढ्यावर बिशप त्या बाळाला चर्चचा अंत्यविधी देण्याची परवानगी देऊ शकतात. १९८३ च्या धर्मविधीसंहितेतलं ते ११८३ वं कलम आहे. फादरांकडे संकोच न करता मागा. त्या मिस्सामधल्या प्रार्थना मुख्यतः आईवडिलांच्या सांत्वनासाठी आहेत, म्हणून वीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाळाच्या आईनेही आज इंटेन्शन (म्हणजे मिस्सा बाळासाठी अर्पण करण्याची विनंती) द्यायला काहीच हरकत नाही. बाळाचं नाव ठेवलं नसेल, तर आता ठेवा आणि त्या नावाने द्या.